न दुखणारी जखम

तूर निघाल्यावर रानात उरलेली धसकटे काय असतात, हे वाशीम जिल्ह्यातल्या रिठदच्या किंवा आसपासच्या कुठल्याही गावच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. टोचले की पाय आपोआप उचलला जातो आणि माणूस तिथेच खाली बसून तळवा पाहतो. पण दहा-पंधरा वर्षे मधुमेह अंगावर वागवणाऱ्या माणसाचे तसे होईलच असे नाही. धसकट चपलेच्या झिजलेल्या तळातून आत शिरते, तो दिवसभर त्यावरच चालतो आणि संध्याकाळी ओसरीवर उमटलेले रक्ताचे ठसे घरातले दुसरेच कोणीतरी त्याला दाखवते. दुखत नसते, म्हणून हळद भरून वर चिंधी बांधली जाते. दुखत नसते, म्हणूनच दुसऱ्या दिवशी तो पुन्हा रानात जातो. पुढे कधीतरी अकोल्याच्या किंवा नागपूरच्या रुग्णालयात पाय कापावा लागेल असे कानावर पडते, तेव्हा घरच्यांना प्रश्न पडतो की एवढ्याशा जखमेने हे कसे झाले.

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर ज्या शल्यविशारदाने शोधले, त्याचा मधुमेहाशी सुरुवातीला काहीच संबंध नव्हता. डॉ. पॉल विल्सन ब्रँड यांची ओळख जगाला आहे ती कुष्ठरुग्णांचे हात सरळ करणारे डॉक्टर म्हणून. मधुमेहींच्या पायांसाठी त्यांनी केलेले काम त्या मानाने कमी सांगितले जाते.

ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी तमिळनाडूतील कोल्ली मलै या डोंगराळ भागात झाला. वडील जेसी आणि आई एव्हलिन हे इंग्रज मिशनरी. वडिलांचे वैद्यकीय शिक्षण जेमतेम होते, पण डोंगरात दुसरा डॉक्टर नसल्याने दात उपटण्यापासून नारू काढण्यापर्यंत सगळे तेच करत. मुलगा अनवाणी डोंगरभर हिंडे, झाडांवर चढे. नऊ वर्षांचा झाल्यावर, १९२३ मध्ये, त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. १९२९ मध्ये वडील हिवतापाच्या एका घातक प्रकाराने गेल्याची तार तिथे पोचली. आगबोटीने निघालेली त्यांची पत्रे त्यानंतरही काही काळ येत राहिली.

शाळा संपल्यावर पॉल यांनी डॉक्टर व्हायचे नाकारले. पू आणि रक्त पाहून त्यांना शिसारी येई. त्यांनी बांधकामाचे काम शिकायला घेतले आणि काही वर्षे गवंडीकाम, सुतारकाम केले. लाकूड कुठे वाकते, भार कुठून कुठे जातो, कोणत्या जागी ताण साठतो, हे त्या वर्षांत त्यांच्या हातात बसले. पुढे त्यांनी जे जे केले त्याच्या मुळाशी औषधशास्त्रापेक्षा हे कारागिराचे ज्ञान अधिक आहे. नंतर मन बदलले, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये त्यांनी वैद्यकशास्त्र पूर्ण केले आणि दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांच्या काळात जखमींवर उपचार करता करता शल्यक्रिया शिकली. १९४३ मध्ये त्यांचे लग्न त्यांच्या वर्गातल्याच मार्गारेट बेरी यांच्याशी झाले. मार्गारेट पुढे कुष्ठरुग्णांच्या डोळ्यांवर उपचार करणाऱ्या नामांकित नेत्रतज्ज्ञ झाल्या.

१९४६ च्या अखेरीस ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकवायला आले. कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना चिंगलपेटच्या कुष्ठधामात नेले. कॉक्रेन त्वचेवरचे चट्टे दाखवत होते आणि ब्रँड यांचे लक्ष वाकड्या झालेल्या बोटांवर होते. या हातांचे काय करता, असे त्यांनी विचारले तेव्हा कळले की अस्थिशल्यतज्ज्ञांपैकी कोणी या रोगाकडे वळलेलेच नाही. एका रुग्णाचा वाकडा हात त्यांनी हातात घेतला आणि दाबायला सांगितले. पकड इतकी जबर निघाली की ब्रँड यांना कळ सोसवेना. रुग्णाला मात्र आपण किती जोर लावतो आहोत याची कल्पनाच नव्हती. हात मेलेला नव्हता. काही स्नायू लुळे पडले होते, बाकीचे शाबूत होते, आणि गेली होती ती संवेदना.

त्या काळी डॉक्टरांचीही समजूत अशी होती की कुष्ठरोग्याचे मांसच नासते, बोटे झडून जातात आणि जखमा भरून येत नाहीत. विदर्भातल्या वाचकाला हा समज परका नाही. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला, शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीला तपोवनात आणि बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनात काम उभे केले ते याच समजाशी झुंजत. ब्रँड यांनी शेकडो रुग्णांचे हातपाय तपासले आणि त्यांना एक ठरावीक नकाशा दिसला. त्वचेच्या जवळून जाणाऱ्या ठरावीक नसा ठरावीक जागी निकामी होतात आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले स्नायूच लुळे पडतात. मग शाबूत स्नायूचा कंडरा वळवून लुळ्या बोटाला जोडता येईल, हा विचार पुढे आला. रुग्णालयात कुष्ठरुग्णाला खाट द्यायलाही अनेकांचा विरोध असताना त्यांनी या शस्त्रक्रिया सुरू केल्या. टाके घातलेल्या जखमा इतर कोणाच्याही जखमांसारख्याच भरून आल्या. नासक्या मांसाची कल्पना तिथेच डळमळली.

पण हात सरळ झालेली माणसे नव्या जखमा घेऊन परत येऊ लागली. काही जण तर तक्रार घेऊन आले. वाकडी बोटे दाखवून भीक मिळत असे, सरळ हाताला कोणी भीक घालीना आणि कुष्ठरोग्याला कोणी कामही देईना. वेल्लोरच्या आवारात झोपड्या बांधून ब्रँड यांनी नवजीवन केंद्र सुरू केले आणि तिथे या तरुणांना सुतारकाम शिकवायला घेतले. आपली पूर्वीची गवंडी-सुताराची वर्षे वाया गेली असे वाटत असलेल्या माणसाला ती अशी उपयोगी पडली.

केंद्रातच जखमांचा छडा लावायचा उद्योग सुरू झाला. एकदा कोठाराचे गंजलेले कुलूप ब्रँड यांना उघडेना. एका किरकोळ अंगाच्या मुलाने पुढे होऊन किल्ली एका झटक्यात फिरवली. त्याच्या बोटातून रक्त गळत होते आणि कातडी फाटून हाड दिसत होते. मुलाला पत्ताच नव्हता. असे प्रत्येक जखमेचे मूळ शोधायचे ठरले. तापलेले भांडे, हातोड्याचा खरबरीत दांडा, विडीचे पेटते टोक, चपलेतला खिळा. बहुतेक जखमांची कारणे सापडली, पण रात्रीतून बोटाचा तुकडा नाहीसा होतो याचे काय? रुग्णांनी पाळत ठेवली. उंदीर येऊन बिनदिक्कत बोट कुरतडत होता आणि झोपलेल्याला जाग येत नव्हती. तेव्हापासून केंद्रातून घरी जाणाऱ्या रुग्णाला सोबत एक मांजर देण्याची प्रथा पडली. वैद्यकाच्या इतिहासात इतका स्वस्त आणि इतका चपखल उपाय क्वचितच सापडेल.

निष्कर्ष साधा होता. रोग मांस खात नाही, रोग वेदना हिरावून घेतो. उरलेला विध्वंस माणूस स्वतःच्या हातापायांनी, नकळत करतो. जंतू मारायला त्याच सुमारास डॅप्सोन आले होते, पण गेलेली नस औषधाने परत येत नव्हती.

ही गोष्ट ब्रँड यांच्या स्वतःच्या अंगावर एकदा येऊन गेली. अमेरिकेहून लांबच्या प्रवासाने लंडनला आले असताना, तापाने बेजार होऊन खोलीवर मोजे काढताना त्यांना टाचेत काहीच जाणवेना. सुई टोचून पाहिली, रक्ताचा थेंब आला, पण कळ नाही. कुष्ठरोगाचे हे पहिले लक्षण त्यांनी हजारो जणांत पाहिले होते. बायको-मुलांपासून कसे दूर राहायचे, शस्त्रक्रिया कशी सोडायची, याचा हिशेब करत रात्र गेली. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि ते ओरडले. आगगाडीत एका बाजूवर आखडून बसल्याने नस तात्पुरती दबली होती, एवढेच. त्या कळेबद्दल त्यांना आयुष्यभर कृतज्ञता वाटत राहिली. फिलिप यान्सी यांच्याबरोबर १९९३ मध्ये त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचा विषयही वेदना ही नकोशी वाटणारी देणगी हाच आहे.

वेल्लोर आणि करिगिरीच्या काळातच त्यांचे लक्ष हातांकडून पायांकडे वळले. तळव्यावरची जखम भरते, रुग्ण चालू लागतो आणि जखम त्याच जागी पुन्हा उघडते. मलमे बदलून फरक पडत नव्हता. पाय प्लास्टरमध्ये ठेवला की मात्र तीच जखम काही आठवड्यांत मिटायची. ही युक्ती ब्रँड यांची नव्हे. १९३० च्या दशकात श्रीलंकेत मिलरॉय पॉल यांनी आणि भारतात डॉ. खान यांनी ती कुष्ठरुग्णांवर वापरली होती. ब्रँड यांनी तिच्यामागचे यांत्रिक कारण शोधले. तळव्याला आणि पोटरीला नीट लपेटून बसणाऱ्या प्लास्टरमुळे अंगाचा भार एका बिंदूवर न पडता पूर्ण पायावर वाटला जातो. शिवाय प्लास्टर काढून ठेवता येत नाही, म्हणून रुग्णाला चुकारपणा करता येत नाही. जखम भरल्यावर चपलेचा प्रश्न उरे. मऊ पण दबून सपाट न होणाऱ्या सूक्ष्मछिद्री रबराचा तळ त्यासाठी तयार करून घेण्यात आला. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात आजही ज्यांना एमसीआर चपला म्हणतात, त्या याच.

१९६० मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारने सन्मानित केले. १९६६ मध्ये ते कुटुंबासह अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कारव्हिलला गेले. मिसिसिपीच्या काठावर असलेल्या तिथल्या राष्ट्रीय कुष्ठरोग रुग्णालयात पुनर्वसन विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी सुमारे २० वर्षे काढली. खरी संशोधनाची साधने त्यांना इथे मिळाली.

निरोगी तळवा फाडायला मोठा जोर लागतो. मग रोजच्या चालण्याने जखम का होते? उंदरांच्या पंजावर यंत्राने हलका दाब हजारो वेळा देऊन त्यांच्या गटाने उत्तर शोधले. पहिल्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच जागेवर तेवढाच दाब दिला की ती लाल, गरम आणि सुजलेली होते. आणखी काही दिवसांनी कातडी फुटते. म्हणजे जखम होते ती एका आघाताने नव्हे, तर सुजलेल्या जागेला विश्रांती न मिळाल्याने. संवेदना असलेला माणूस काही मैल चालल्यावर नकळत पाऊल वेगळे टाकू लागतो, लंगडतो, टाचेवरचा भार बोटांकडे नेतो, थांबतो. बधिर पायाचा माणूस पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत एकाच ठेक्यात, एकाच जागेवर भार टाकत राहतो. ब्रँड यांनी यात आणखी दोन प्रकार वेगळे काढले. खिळा, काटा, चटका यांचा एकदम झालेला घाव हा एक. दुसरा घट्ट बुटाचा, जो जोराने नव्हे तर तासन्‌तास हलकासा दाबून कातडीचा रक्तपुरवठा तोडतो. जोडवी रुतून झालेली बोटाची जखम या दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि नवी चप्पल दिवसभर घालून लग्नाला गेलेल्या मधुमेहीच्या करंगळीची जखमही.

सूज आली की जागा गरम होते, हे पाहून कारव्हिलमध्ये तळव्यांचे तापमान मोजले जाऊ लागले. एक ठिकाण आजूबाजूपेक्षा किंवा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा गरम लागले, तर जखम अजून झालेली नसली तरी होऊ घातली आहे असे समजायचे आणि त्या पायाला विश्रांती द्यायची.

वेदना नसेल तर ती बनवता येईल का, हाही प्रयत्न झाला. सरकारी अनुदानावर अभियंत्यांनी दाब मोजणारे हातमोजे आणि मोजे तयार केले, दाब वाढला की कानात आवाज होई किंवा सौम्य झटका बसे. उपकरणे महागडी होती आणि लवकर बिघडत. पण योजना फसली ती वेगळ्याच कारणाने. रुग्णाला एखादे काम पुरे करायचेच असे तेव्हा तो बटण बंद करून टाकी. खऱ्या वेदनेला बटण नसते. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर ब्रँड यांनी तो नाद सोडला.

मधुमेहाची गाठ पडली ती याच काळात. १९२२ मध्ये इन्सुलिन वापरात येण्यापूर्वी अनेक मधुमेही, विशेषतः लहान वयात आजार झालेले, नसा बिघडण्याइतके जगतच नसत. आयुष्य वाढले तसे पाय पुढे आले. बोस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन यांनी १९३४ मध्येच मधुमेहींच्या गँगरीनबद्दल धोक्याचा इशारा दिला होता आणि पाय रोज धुणे-पाहणे हा उपचाराचाच भाग मानला होता. तरीही मधुमेहीची जखम साखरेमुळे आणि खराब रक्तवाहिन्यांमुळेच चिघळते, ती भरणार नाही, असे धरून पाय कापण्याकडे कल राहिला. नासक्या मांसाचीच ही दुसरी आवृत्ती. ब्रँड यांनी मधुमेहींचे पाय पाहिले आणि त्यांना चिंगलपेट आठवले. बधिर तळवा, आतले छोटे स्नायू लुळे पडून आकड्यासारखी वळलेली बोटे, त्यामुळे अंगठ्याच्या बुडाशी बाहेर आलेले हाड, त्यावर घट्टा, घट्ट्याखाली लपलेली जखम. घाम न आल्याने कोरडी पडून भेगाळलेली कातडीही तशीच. रोग वेगळा, कारण वेगळे, पण पाय तोच.

अटलांटाच्या ग्रेडी रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. जॉन डेव्हिडसन यांनी हे मनावर घेतले. साखर तपासायला येणाऱ्या रुग्णाचे बूट-मोजे कोणी काढायलाच सांगत नव्हते. ते काढायला सांगण्यास सुरुवात झाली आणि जखमा वेळेवर दिसू लागल्या. पायांची काळजी, प्लास्टर आणि योग्य पादत्राणे यांच्या जोरावर तिथले पाय कापण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. यात नवे औषध एकही नव्हते.

ब्रँड यांचे म्हणणे मधुमेहाला जसेच्या तसे लागू पडत नाही, हेही सांगायला हवे. कुष्ठरुग्णाच्या पायाचा रक्तपुरवठा सहसा चांगला असतो. मधुमेहीच्या, विशेषतः तंबाखू-विडीची सवय असलेल्याच्या, पायाच्या रक्तवाहिन्या बुजलेल्या असू शकतात. तिथे आधी रक्ताची वाट मोकळी करावी लागते, नुसता भार काढून जखम भरत नाही. जखमेत पू आणि सूज असेल, पाय लाल होऊन ताप असेल, तर प्लास्टर घालणे घातक ठरते, आधी मेलेले मांस काढून प्रतिजैविके द्यावी लागतात. आणि साखर वाढलेली राहिली तर जंतूंशी लढण्याची शरीराची ताकद कमी होते, हे खरेच आहे. पण रक्तपुरवठा ठीक आहे, जंतुसंसर्ग आटोक्यात आहे आणि तरीही तळव्याची जखम महिनोन्‌महिने मिटत नाही, अशा रुग्णाला आजही अनेकदा मलमच बदलून दिले जाते. तो त्याच पायावर चालत रुग्णालयात येतो आणि चालत परत जातो. ब्रँड यांच्या दृष्टीने त्याची जखम रोज नव्याने होत असते.

आपल्याकडे या पायापुढे आणखी अडचणी आहेत. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी फिरताना पोळते ते फोड आल्यावरच कळते. थंडीत शेकोटीजवळ पाय शेकताना, मोटारसायकलच्या सायलेन्सरला घोटा लागताना तसेच. घट्टा किंवा भोवरी ब्लेडने घरीच कापणे, दुकानातले भोवरीचे औषध लावणे, जखमेवर चुना किंवा झाडपाला बांधणे हे सर्रास चालते. बधिर पायावर यातले काहीही सुरक्षित नाही. चप्पल घालण्याआधी ती झटकून आत हात फिरवणे, रात्री आरसा धरून किंवा घरच्यांकडून तळवा पाहणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवून बाकी पायाला तेल लावणे, इतकेच वेल्लोरच्या त्या केंद्रातली मुले करत होती. रानात मात्र बंद, जाड तळाचे आणि आत शिवण न टोचणारे पादत्राण लागते. पायात फोड, रंग बदललेली जागा किंवा अचानक आलेली गरम सूज दिसली, मग ती दुखो वा न दुखो, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो.

ब्रँड १९८६ मध्ये निवृत्त होऊन सिॲटलला गेले आणि तिथल्या विद्यापीठात शिकवत राहिले. पडल्याने डोक्यात झालेल्या रक्तस्रावानंतर ८ जुलै २००३ रोजी त्यांचे निधन झाले, वयाच्या एकोणनव्वदाव्या वाढदिवसाला नऊ दिवस असताना.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी कारव्हिलमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी नायलॉनच्या धाग्यांची एक तपासणी प्रसिद्ध केली. १० ग्रॅमच्या जोराला वाकणारा धागा ज्या तळव्याला जाणवत नाही, त्याला जखम होण्याची भीती असते, असे त्यांना दिसले. १९९२ मध्ये तिथूनच पाय वाचवण्याची एक मोहीम सुरू झाली आणि असे धागे मधुमेहींना घरी वापरायला फुकट दिले जाऊ लागले. रुग्णाने डोळे मिटायचे, घरच्याने तळव्यावर धागा टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचा आणि कुठे लागले ते रुग्णाने सांगायचे. घट्ट्यावर टेकवायचा नाही, कारण तिथे निरोगी माणसालाही कळत नाही. दोन्ही पाय तपासायला पाच मिनिटे पुरतात, आणि हा धागा आता आपल्याकडच्या मधुमेहतज्ज्ञांच्या टेबलावरही असतो.